दगड स्वच्छ धुऊन ठेवलेत

८ जानेवारी

चि. मुंगीस आजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तिकडे तूही बरी असशील असं धरून पुढे लिहिते. फोन करता आला असता. पण फोन तुझ्या बाबाचा, आणि मी बोलत असले की तो समोर बसून घड्याळाकडे बघत राहतो. शिवाय फोनवरचं बोलणं परत काढून वाचता येत नाही. इस्पितळाच्या लाँड्रीत असताना संध्याकाळच्या वर्गात बसून मी लिहायला शिकले, ते काय नुसती पगाराला सही करायला? तेव्हा तूही पत्रच लिही. आणि अक्षर मोठं काढ. लहानपणी स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत घरात आणायचीस म्हणून आम्ही तुला मुंगी म्हणायला लागलो, अक्षर मुंगीएवढं काढायला कुणी सांगितलं नव्हतं.

बातम्या अशा. वरच्या मजल्यावरच्या शिवणवालीने नवीन मशीन घेतलंय, ते चालू झालं की आमच्या कपाटातले पेले नाचतात. तुझ्या आईच्या दुकानात माल आलाय, त्यामुळे ती घरी येते ती फक्त झोपायला. माझा गुडघा आहे तसाच आहे, त्याची चौकशी करू नकोस, उगाच शेफारतो.

आता खरी गंमत. सुट्टीत आलीस तेव्हा पलंगाखाली तुझी दगडांची गोणी विसरून गेलीस. झाडू मारताना हाताला लागली. उघडून बघते तर एकेक दगड वर्तमानपत्रात गुंडाळलेला, जसे काही काचेचे पेलेच. आणि अवतार काय एकेकाचा! माती, चिखल, वाळकं गवत. त्यात भर म्हणजे प्रत्येकावर कुणीतरी पांढऱ्या रंगाचा ठिपका लावून त्यावर काळ्या शाईने काहीबाही खरडलेलं. मी म्हटलं, हा वसतिगृहातल्या पोरींचा चावटपणा. आपली मुंगी अभ्यास करते आणि या तिच्या दगडांवर हात साफ करतात.

अगं, उभा जन्म मी इस्पितळाच्या चादरी धुतल्या. रक्त, मलम, आयोडीन, काय काय काढलंय या हातांनी. शाई माझ्यासमोर टिकणार होय? पांढरा रंग मात्र हट्टी निघाला. गरम पाणी केलं, सोडा घातला, रात्रभर भिजवले आणि सकाळी तारेच्या घासणीने एकेकाला असा घासला की विचारू नकोस. एक बिचारा पाण्यात विरघळायलाच लागला, चिखलाचाच असावा, त्याला नुसतं पुसून घेतलं. पण आता एकावरही डाग नाही! खिडकीच्या कठड्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेत. ऊन आलं की बघत बसावंसं वाटतं.

लोकसुद्धा बघायला येतात. मी सगळ्यांना सांगते, माझी नात जमिनीचा अभ्यास करते. विचारतात, म्हणजे प्लॉटचा का? मी म्हणते, प्लॉटच्या खालचा. खालच्या इस्त्रीवाल्याची धाकटी, ती नववीतली, सदानकदा नाक ओढणारी, कपडे द्यायला आली ती कठड्याशी खिळूनच राहिली. हा चमकतो आणि हा का नाही, याच्यात वाळू कशी शिरली, एक ना दोन. मी म्हटलं, बाई, मला चादरीतलं विचार. शेवटी मुठीएवढा एक काळा, चमचम करणारा दगड शाळेत दाखवायला म्हणून घेऊन गेली. तुझ्या वतीने मीच परवानगी देऊन टाकली.

तब्येतीला जप. लोभ आहे तो वाढू दे, ठेवायला घरात जागा आहे.

तुझी आजी


१५ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या हॉलमध्ये उघडलं. आधी इतकी हसले की शेजारचीने पाण्याचा पेला पुढे केला. मग डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तिने तो परत घेतला. 

आजी, ते ठिपके कुणाचा चावटपणा नव्हता. ते मीच लावले होते. आमच्या अभ्यासाच्या डोंगरावर पायथ्याच्या ओढ्यापासून माथ्यापर्यंत मी चढत गेले आणि जिथे जिथे खडक बदलला तिथला एकेक तुकडा घेतला. प्रत्येकावर नंबर घातला, आणि तो कुठला ते वहीत त्या नंबरापुढे लिहिलं. कुठला थर खाली, कुठला वर, हे त्यावरून सांगायचं असतं. नंबर गेला की दगडाचं गाव गेलं. आता तुझ्या कठड्यावर आहेत ते नुसतेच स्वच्छ दगड.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी रागावले नाही. खरं सांगायचं तर मी ती गोणी विसरलेच नव्हते, मुद्दाम ठेवून आले होते. मी हे शिक्षण सोडते आहे. शाखा बदलून हिशेबाच्या बाजूला जायचा अर्ज आणून ठेवलाय, महिनाअखेरपर्यंत द्यायचा आहे. त्यावर बाबांची सही लागते, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी येतो म्हणालेत. तिकडून पास झाले तर मामा त्यांच्या ऑफिसात लावून देणार आहेत. बाबा सुरुवातीपासून म्हणत होते की दगडांवर घर चालत नाही. त्यांना निदान एकदा तरी बरं वाटू दे.

तू विचारशील, का? एक असं कारण नाही. डोंगरावरच्या शिबिरात सरांनी विचारलं की तंबूत कोण कोण राहिलंय, तर माझा सोडून सगळ्यांचे हात वर. त्यांचे आईवडील त्यांना लहानपणापासून डोंगरात फिरवतात. मी डोंगर पाहिला तो बाबांच्या बसच्या खिडकीतून. माझे बूट बाबांच्या डेपोतले, एक माप मोठे, पुढे कापूस कोंबलेला. उतरताना मी पडले तेव्हा सगळ्यांनी फार प्रेमाने उचललं. हसले असते तर बरं झालं असतं. तुझ्या घरात या क्षेत्रात कोण आहे, असं सहज विचारतात, आणि प्रत्येकाचं कुणीतरी असतं, काका नाहीतर आत्या.

विभागाच्या भिंतीवर दरवर्षीच्या शिबिराचे फोटो टांगलेत. टोप्या घातलेली, हातोड्या घेतलेली माणसं. वर्गात शिरण्याआधी मी रोज एका फोटोत आपल्या गल्लीतल्यासारखं कुणी दिसतंय का ते बघते. सगळे फोटो बघून संपले.

इस्त्रीवाल्याच्या धाकटीला तो काळा दगड ठेवू दे. तिला तरी आवडला. तुझा लोभ मात्र आहे तसाच हवा, मी कुठल्याही शाखेला गेले तरी.

तुझी मुंगी


२१ जानेवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद, आणि या खेपेला थोडी बोलणीसुद्धा.

तुझं पत्र वाचलं आणि पलंगावर बसले ती बसलेच. समोर कठड्यावर ते दगड, चकाचक, जसे काही मला हसतायत. लोकांनी आजवर माझ्या धुण्याला नावाजलंय, कधी नव्हे ती मला त्याची लाज वाटली. तुझी मेहनत मी सोड्यात भिजवली गं! शिवणवालीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही, मग उसवलेली बाही शिवून घ्यायची होती म्हणून बोलले.

पण तू रागावली नाहीस, याचा मला राग आलाय. आपल्या कामाची चाड असलेलं माणूस रागावतं. लाँड्रीत माझ्या घडी घातलेल्या चादरीला कुणी ओला हात लावला असता तर मी त्याला सळो की पळो करून सोडलं असतं. आणि तू लिहितेस, वाईट वाटून घेऊ नकोस! इतकं गोड लिहिलंस की मला धडकीच भरली. तू रागाव. कागद भरून रागाव. रागावता आलं नाही तरच तो अर्ज दे, मग मी एक शब्द बोलणार नाही.

तंबूचं म्हणशील तर तो कापडाचा असतो. कापडाला आपल्या घरातल्या माणसाने घाबरायचं? आणि भिंतीवर आपल्यासारखं कुणी नाही म्हणतेस, तर लाँड्रीतल्या वाफेच्या मोठ्या यंत्रावरसुद्धा कधी बाई नव्हती. मी उभी राहिले तेव्हा माणसं जेवण सोडून बघायला आली. यंत्राला काय, ते गरम व्हायचं ते माझ्याही हाताखाली झालंच. पुढे तिथे बायका इतक्या झाल्या की साहेबालाच आत यायला वाट मागावी लागायची. मला तेव्हा फार एकटं वाटायचं, ते काही खोटं नाही. जेवायला कुणाजवळ बसायचं हेच कळायचं नाही. म्हणून तुझं दुःख लहान आहे असं मी म्हणत नाही.

तुझा बाबा शनिवारी सही करायला येतोय. मी त्याला अडवलं नाही. तो तुझा बाप आहे, त्याला भीती वाटते, आणि भीती काही आरडाओरडा करून जात नाही. फक्त एवढं म्हटलं, की पोरीकडे जातोस तर रिकाम्या हाताने जाऊ नकोस, ही गोणी घेऊन जा. तो म्हणाला, ती शिक्षणच सोडतेय तर दगड कशाला वाहायचे? मी म्हटलं, सामान तिचं आहे, टाकायचं की ठेवायचं ते ती ठरवेल. त्याने गोणी उचलून बघितली आणि एक शब्द काढला, तो पत्रात लिहिण्यासारखा नाही. पण नेतोय.

प्रत्येक दगड पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलाय. तुझ्या आईने मोजे दिलेत, जाड आहेत, कापसाच्या जागी घाल.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस, दोन्ही एका वेळी करता येतं. मी तुझ्या आजोबांबरोबर तेच केलं.

तुझी आजी


१ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि., आणि मी रागावलेय.

आजी, तू असं करूच कसं शकलीस! पाय सुजेपर्यंत चढले होते मी त्या डोंगरावर. एकेका दगडासाठी दहा दहा वेळा हातोडी मारली होती, हाताला फोड आले होते. ठिपका वाळेपर्यंत फुंकर मारत बसले होते. आणि तू तारेच्या घासणीने घासलेस? एकदा विचारायचंस तरी! तुझं पत्र वाचून आधी मला काहीच वाटलं नाही, आणि मग अंघोळ करताना एकदम इतका राग आला की साबण भिंतीवर आपटला. तो अजून सापडला नाही.

झालं. आता पुढचं ऐक.

शनिवारी बाबा आले ते गोणी खांद्यावर घेऊन, घामाने चिंब. विभागाच्या मागच्या अंगणात टाकली आणि म्हणाले, तुझ्या आजीने पाठवलंय, कंबर माझी गेली. मी रागातच होते. कागद टराटरा फाडून एकेक दगड बाहेर काढायला लागले. पहिला हातात आला तो गोल गोट्यांनी भरलेला, ओबडधोबड. आणि आजी, मला एकदम ओढाच दिसला. याच जागी माझा पाय मुरगळला होता. दुसरा वाळूचा, पिवळसर. तो त्या एकुलत्या झाडाखालचा, जिथे मी एकटीने डबा खाल्ला. तुझा विरघळणारा त्याच्या जरा वरचा, तिथे माझा बूट रुतला होता. शिंपल्यांचे तुकडे असलेला अगदी माथ्याजवळचा, तिथल्या वाऱ्याने माझी टोपी नेली. मी जमिनीवर मांडत गेले, खालचा खाली, वरचा वर. मधल्या काहींची खात्री होईना, म्हणून हाताला लागला त्या कागदावर पेन्सिलीने डोंगराचा उतार काढला आणि बोट ठेवत ठेवत पुन्हा चढले. पडलेली प्रत्येक जागा आठवत होती. मी सारखी पडले होते ते असं उपयोगी आलं.

बाबा आधी उभे होते, मग पायरीवर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, डेपोत आम्ही इंजिन खोलतो तेव्हा सुटे भाग असेच मांडतो, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने, नाहीतर गाडी परत जुळत नाही. इतक्या दिवसांत माझ्या अभ्यासाबद्दल ते पहिल्यांदाच काही बोलले.

तेवढ्यात आमच्या मॅडम आल्या. वाकून त्यांनी गुपचूप दोन दगडांची अदलाबदल केली. मी खाली मान घालूनच त्यांना सांगितलं की कृपा करून हात लावू नका, आणि परत जागेवर ठेवले. मान वर केली तर मॅडम! मला वाटलं आता धरणी दुभंगावी. पण त्या हसत होत्या. वहीतल्या वर्णनांशी त्यांनी एकेक दगड भिंगाने ताडून बघितला. सगळे आपापल्या गावी होते. नमुने इतके स्वच्छ कसे, असंही विचारलं. मी म्हटलं, घरची पद्धत आहे.

बाबांनी त्यांना सरळच विचारलं की या शिक्षणाने पुढे होतं काय. मॅडमनी गोड गोड काही सांगितलं नाही. विहिरी, धरणं, पूल, खाणी, दरडी, सगळीकडे जमीन वाचणारं माणूस लागतं, म्हणाल्या. मागे डोंगररस्त्यावर दरड कोसळून बाबांच्या डेपोच्या बस अडकून पडल्या होत्या ना, तो उतार तपासायला मॅडमच गेल्या होत्या. नोकरी लगेच मिळेलच असं नाही, घरापासून लांब जावं लागेल, हेही सांगितलं. आणि म्हणाल्या, आपल्यासारख्या घरांतून कुणी इकडे येतच नाही, कारण असं काही शिकता येतं हेच त्या घरांना कुणी जाऊन सांगितलेलं नसतं. त्यांची आई लोकांच्या घरी भांडी घासायची. मी विचारलं, मग मॅडम, भिंतीवर तुमचा फोटो का नाही? तर मला त्यांनी फोटोंसमोर नेलं आणि त्यांच्या वर्षाच्या फोटोत खालच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे जमिनीवर एक सावली पडलीय, कॅमेरा धरलेल्या माणसाची. फोटो काढायचं काम दरवेळी त्यांच्याच गळ्यात पडायचं. मी रोज तो फोटो बघत होते, आणि सावली कधी बघितलीच नव्हती.

मग बाबांनी खिशातून पेन काढलं आणि अर्ज मागितला. मी शोधायला लागले. आजी, अर्ज दगडांखाली होता. डोंगर मी त्याच्याच पाठीवर काढला होता. बाबांनी कागद झटकला, छापलेली बाजू वाचली, उलटून डोंगर बघितला, परत छापलेली बाजू वाचली. माझा जीव नुसता टांगणीला. शेवटी त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि डोंगराच्या खाली सही केली, तारखेसकट, दुरुस्त झालेल्या गाडीच्या कार्डावर करतात तशी. म्हणाले, मामांना मी सांगतो.

काल शेवटची तारीख होती. मी अर्ज घेतात त्या खिडकीपाशी गेले नाही.

एक दगड मात्र कमी आहे, तो काळा, इस्त्रीवाल्याच्या धाकटीकडचा. तो कुठला ते वहीत लिहायचंच राहिलं होतं, आणि आता काही केल्या आठवत नाही. कुठल्याच थरात बसत नाही. मॅडम म्हणतात, जागा मोकळी ठेव, आणि पुन्हा डोंगरावर जा. महिनाअखेरच्या रविवारी त्या शाळेतल्या मुलींना डोंगरावर नेणार आहेत. पत्रक लावून कुणी येत नाही, बोलवायला दारात जावं लागतं, म्हणून प्रत्येकाने आपापल्या गल्लीतून माणसं आणायची. माझ्या गल्लीचं दार तुझ्याकडे सोपवते.

राग पूर्ण गेलेला नाही. लोभही नाही.

तुझी मुंगी


९ फेब्रुवारी

चि. मुंगीस ढीगभर आशीर्वाद, वर पुन्हा थोडे.

तुझं पत्र मी स्वतःला वाचलं, मग तुझ्या आईला, मग शिवणवालीला मशीन बंद करायला लावून. साबण आपटलास त्या जागी मी इतकी खूश झाले की परत वाचलं.  तुझा बाबा परत आला त्या दिवशी जेवताना म्हणाला, दगड बरोबर लावले तिने. झालं, एवढंच. पण डेपोत सगळ्यांना सांगून आलाय, मला बातमी लागली. मुलगा माझा आहे, त्याला आनंद झाला की तो नटबोल्ट मोजत बसतो.

आता दारादारात जायचं काम. शिवणवालीच्या जुळ्या लगेच तयार झाल्या, त्यांना बसमध्ये खिडकीची जागा कबूल केली. इस्त्रीवाला मात्र अडून बसला. पोरगी डोंगरावर कशाला, कपडे कोण पोचवणार, पडली झडली तर? मी त्याच्या बाकावर जाऊन बसले. म्हटलं, मी सोबत येतेय, या वयात मी पडत नाही ती काय पडणार? मग त्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि खरं ते बोलला. म्हणाला, आजी, एकदा गेली आणि तिला तेच हवंसं झालं तर? मी म्हटलं, म्हणूनच तर नेतेय. त्याने बराच वेळ एकाच कॉलरवर इस्त्री फिरवली. कॉलर करपली असती. शेवटी म्हणाला, सकाळचे कपडे मी पोचवीन.

बस तुझा बाबा डेपोतून भाड्याने ठरवतोय, आणि स्वतःच चालवणाऱ्याशेजारी बसून येणार आहे, इंजिनाचा आवाज त्याला आवडला नाही म्हणे. मी छत्री आणि दोन मोठे डबे घेतेय.

खाली धाकटीने दोन ओळी लिहायच्या म्हणून हट्ट धरलाय. मी मात्र माझा लोभ आधीच लिहून टाकते, नाहीतर ती जागा खाऊन टाकेल.

तुझी आजी

ताई, नमस्कार. तुमचा काळा दगड माझ्याकडे आहे. शाळेत बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या दगड म्हणजे दगड. मग मी तो रोज बघते. बाकीच्यांसारखी त्यात वाळू नाही, आणि तो एवढासा असून जड आहे. तुम्हाला त्याचं गाव आठवत नाही असं आजींनी सांगितलं. मी त्याला घेऊन येते, आपण शोधू. बाबा म्हणतात बूट घाल, पण माझ्याकडे शाळेचेच आहेत. चालतील का?


४ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

डोंगरावरून तुम्ही परत गेलात आणि वसतिगृह एकदम सुनं वाटायला लागलं. पत्र छोटं आहे कारण परवा मला माझा डोंगर सगळ्या विभागासमोर मांडायचा आहे. सोबत फोटो पाठवतेय. हाच विभागाच्या भिंतीवर टांगलाय, या वर्षाचा म्हणून.

नीट बघ. मधोमध मॅडम. या खेपेला त्यांच्या हातात कॅमेरा द्यायचा नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. त्यांच्या दोन्ही बाजूंना शिवणवालीच्या जुळ्या. मागे इतर गल्ल्यांतल्या मुली. इस्त्रीवाल्याची धाकटी पुढे, माझी हातोडी घेऊन, डोळे मिटलेले. मी तिच्या शेजारी, आईने दिलेल्या मोज्यांत. आणि उजवीकडे दगडावर बसलेली, छत्री उघडून, सगळ्यांपेक्षा ताठ, ती तू. वरच्या कोपऱ्यात काळं दिसतंय तो बाबांचा अंगठा. खाली सावली आहे तीही त्यांचीच.

आज सकाळी पहिल्या वर्षातली एक मुलगी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. ही छत्रीवाली कोण, असं तिने मला विचारलं. मी सांगितलं, आमच्या नमुन्यांच्या स्वच्छतेचं खातं यांच्याकडे आहे.

लोभ, आशीर्वाद, जे असेल ते परवासाठी आगाऊ पाठव.

तुझी मुंगी


११ मार्च

चि. मुंगीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा बाबाने घड्याळाकडे बघितलं नाही, फोन माझ्या कानाला लावून स्वतः दुसऱ्या बाजूने कान लावला. विभागाने टाळ्या वाजवल्या म्हणालीस. आम्ही इथेही वाजवल्या. शिवणवालीने वरून विचारलं, काय पडलं?

फोटो फ्रेम करून आणला. लोक विचारतात ही कुठली जागा, मी म्हणते, माझ्या नातीचा डोंगर. अंगठासुद्धा कापू दिला नाही, फ्रेमवाला कापायला निघाला होता.

त्या दिवशीचं तुला एक सांगायचं राहिलं. तुम्ही सगळ्या वर चढत होतात आणि मी वळणावर छत्री लावून बसले होते. धाकटी मागे रेंगाळली होती, हातात तो काळा दगड, प्रत्येक कपारीला लावून बघत होती, जशी दुकानात कापडाचा रंग जुळवत फिरावी. मला वाटलं, कंटाळेल आता. आणि एकदम ती थांबली. सगळे थर आडवे, आणि तिथे मध्येच एक काळी पट्टी उभी, खालून वरपर्यंत. तिने दगड तिथे टेकवला आणि अशी किंचाळली की माझी छत्री पडली. तू धावत खाली आलीस ते तुला माहीत आहे. तू तिला समजावलंस, की हा खडक इतरांसारखा एकावर एक साठत आलेला नाही, हा खालून तापून वितळून आला, थरांतून वाट काढत घुसला आणि तिथेच थंड झाला, म्हणून तुझ्या ओळीत बसत नव्हता. तुम्ही बोलत होतात आणि मी ऐकत होते. मला तो दगड फार आवडला. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आला आणि जागा करून बसला.

पण तू पुन्हा वर गेल्यावर काय झालं ते तू पाहिलं नाहीस. ती माझ्याजवळ येऊन बसली. नाक ओढलं. आणि म्हणाली, आजी, यात शिकायला कितवीनंतर जातात? मी म्हटलं, बाई, ते ताईला विचार, मी तुला फक्त पोचवीन. परवा इस्त्रीवाला स्वतः वर आला. कपडे नव्हते हातात. दारात उभा राहून विचारलं की त्या मॅडमना भेटायचं तर केव्हा भेटतात. एवढंच विचारलं आणि गेला. मी दार लावलं आणि एकटीच हसत बसले, मग चहा केला, साखर दोनदा घातली, तरी गोड लागेना इतकी मी आधीच गोड झाले होते.

अभ्यास कर, पडलीस तर जागा लक्षात ठेव. लोभ तर आहेच, आता गल्लीचाही आहे, तेव्हा जरा जास्तच जपून वापर.

तुझी आजी

ता. क. धाकटीने त्या काळ्या पट्टीचा आणखी एक तुकडा काढून मला दिलाय. तुझ्याकडून रंग मागून घेतला, ठिपका स्वतः लावला आणि त्यावर एक आकडा काढला. तिचा पहिला. कठड्यावर ठेवलाय. माती आहे, गवताची काडी चिकटली आहे, ओल्या ठिपक्यात तिचं बोट उमटलंय. काल शिवणवाली ओलं फडकं घेऊन पुढे आली तर मी तिचा हात धरला. धुतला नाही.